जावक सापडते, पोच सापडत नाही : पेजरची स्क्रीन वाचताना



समजा, यवतमाळच्या एखाद्या जुन्या घरात कपाटाच्या खणात तुम्हाला पेजर सापडला. काळा, काडेपेटीहून थोडा मोठा, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची क्लिप, वरच्या बाजूला छोटीशी स्क्रीन. तुम्ही संशोधनासाठी विषय शोधताय आणि संवादाच्या साधनांचा इतिहास तुम्हाला खुणावतोय. मग हे यंत्र तुमच्यासाठी साधन आहे का? असेल तर वाचायचं काय? आतले मेसेज बहुतेक गेलेलेच असतील. उरतं ते यंत्र, आणि कुठे मिळालंच तर त्याचं माहितीपत्रक, ज्यात एका पानावर सगळ्या खुणांची चित्रं आणि समोर एकेका ओळीत अर्थ दिलेला असतो. ते पान आपण फारसं न बघता उलटतो. माझं म्हणणं आहे की तिथेच थांबावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात खासगी पेजर सेवा सुरू झाली १९९५ मध्ये, मोबाईलच्या बरोबरीने. सुरुवातीचे परवाने २७ शहरांपुरते होते. मोबाईलवर तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत आणि मिनिटाचा दर १६ रुपयांपर्यंत जाई, त्यामुळे डॉक्टर, दलाल, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, धावपळीचा धंदा असलेली माणसं पेजर घ्यायची. पद्धत अशी : तुम्ही कंपनीच्या केंद्रात फोन करायचा, पेजरचा नंबर सांगायचा, निरोप सांगायचा. तिथला ऑपरेटर तो टाईप करायचा आणि टॉवरवरून तो हवेत सोडला जायचा. पुढे २००३ मध्ये मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले, पण त्याआधीच पेजरचा बाजार उठला होता.

आता "हवेत सोडला जायचा" हे शब्द मी मुद्दाम वापरलेत. साधा पेजर म्हणजे फक्त ऐकणारा रेडिओ. तो कुठे आहे हे कंपनीला माहीतच नसतं. म्हणून निरोप सगळ्या सेवाक्षेत्रात एकदम पसरवायचा आणि ज्याचा क्रमांक जुळेल त्या पेजरने तो उचलायचा. पॉकसॅग नावाच्या पद्धतीत, जी ब्रिटिश पोस्ट खात्याच्या पुढाकारातून आली, निरोपांचे गट पाडलेले असतात. ५१२ बिट प्रति सेकंद या वेगाला एक गट साधारण एका सेकंदाचा. त्या सेकंदाचे आठ कप्पे. तुमच्या पेजरच्या क्रमांकावरून ठरतं की त्याने कोणत्या कप्प्यात कान द्यायचा. बाकी सात कप्प्यांत तो झोपलेला. म्हणून तर एका छोट्या सेलवर पेजर कित्येक आठवडे चालायचा.

याचा परिणाम बघा. पेजर बंद असेल, सेल संपला असेल, मालक शहराबाहेर गेला असेल, तरी केंद्रातल्या यंत्राच्या दृष्टीने निरोप गेला तो गेलाच. नागपूरहून यवतमाळ दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. नागपूर शहरापुरती सेवा घेतलेला माणूस यवतमाळच्या रस्त्याला लागला की काही वेळात त्याचा पेजर मुका होणार. काही पेजरांवर अशा वेळी एक खूण उमटायची, क्षेत्राबाहेर असल्याची. म्हणजे पेजरला कळायचं की आपल्याला काही ऐकू येत नाहीये. पण हे सांगणार कोणाला? त्याला तोंडच नाही. फोन करणाऱ्याला ऑपरेटर सांगणार, "मेसेज पाठवलाय." दोन्ही ठिकाणी दोन खऱ्या गोष्टी, आणि त्यांची गाठ कधीच पडत नाही.

आपल्या कचेऱ्यांना हा फरक फार जुन्या काळापासून माहीत आहे. तहसीलमधली बारनिशी आठवा : आवक आणि जावक. जावक नोंदवहीत क्रमांक पडला म्हणजे कागद इथून निघाला, एवढंच. तो पोचला का, हे पोचपावतीवरून कळतं. कोर्टात तर "समन्स काढलं" आणि "समन्स बजावलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस घरी सापडला नाही तर बेलिफ प्रत दाराला चिकटवतो आणि तसा अहवाल लिहून परत देतो. तो अहवाल म्हणजेसुद्धा एक प्रकारची पोच, जरा संशयास्पद असली तरी. पेजर कंपनीकडे तेवढंही नव्हतं.

टू-वे पेजर बघायला मात्र आपल्याला यवतमाळहून थेट अमेरिकेत जावं लागतं. आपल्याकडे तो रुजला नाही. तिथे जुलै १९९४ मध्ये सरकारने या कामासाठीच्या रेडिओ लहरींचा लिलाव केला. लहरींचा तिथला हा पहिलाच लिलाव, आणि त्यातून ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम आली. पुढच्या वर्षी स्कायटेल या कंपनीने मोटोरोलाच्या टँगो या यंत्रावर टू-वे सेवा सुरू केली. टँगोवर तुम्ही मोकळेपणाने काही लिहू शकत नव्हता. आधीच भरून ठेवलेल्या उत्तरांतलं एक निवडून पाठवायचं. पण माझ्या मते उत्तरापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती, जिच्यासाठी मालकाला बटणसुद्धा दाबावं लागत नसे. निरोप नीट मिळाला की यंत्र स्वतःच टॉवरला कळवायचं. पोच द्यायचं. आणि पोच येईपर्यंत कंपनी निरोप राखून ठेवायची. त्याच दशकात कॅनडातल्या रिसर्च इन मोशनने स्वतःचे टू-वे पेजर काढले, आणि १९९९ मध्ये आलेला पहिला ब्लॅकबेरी, ८५०, दिसायला आणि वागायला पेजरच होता.

आता होम स्क्रीनकडे या. काहीही न करता यंत्र समोर ठेवलं असताना जे दिसतं ते. वेळ, तारीख आणि कडेला बारीक खुणा. विद्यार्थी या खुणा एका रांगेत वाचतात आणि "बॅटरी, नेटवर्क, मेसेज" असं लिहून मोकळे होतात. तसं नको. प्रत्येक खुणेला विचारा : तू कोणाबद्दल बोलतेयस, आणि तुला हे कसं कळलं?

बॅटरीची खूण, घंटा किंवा थरथरीची खूण, गजराचं घड्याळ, या यंत्र स्वतःबद्दल सांगतं. त्याला बाहेर कोणाला विचारावं लागत नाही. पाकिटाची खूण निरोपाबद्दल बोलते, पण फक्त आलेल्या आणि न उघडलेल्या निरोपाबद्दल. कुलपाची खूण मला फार आवडते. पेजरची साठवण छोटी. ती भरली की जुने निरोप पुसले जायचे, कुलूप लावलेले सोडून. म्हणजे कुलूप ही मालकाने केलेली निवड आहे. बाकी खुणा यंत्राच्या, ही एक माणसाची. अभिलेखागारात कोणता कागद जपून ठेवला आणि कोणता निकालात काढला हे आपण विचारतो ना, तोच प्रश्न इथे बोटभर यंत्रात आहे.

आणि मग अँटेनाची खूण. एकेरी पेजरवर तिचा अर्थ सरळ : ऐकू येतंय किंवा येत नाहीये. टू-वे पेजरवर ती गुंतागुंतीची होते. टॉवरमागे शेकडो वॅटची ताकद असते, तुमच्या खिशातल्या यंत्रात एखाद्या वॅटची. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो, तुमचा त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. वाड्याच्या माळवदावरून आजोबांनी हाक मारली तर गल्लीच्या टोकाला ऐकू येते, तिथून नातवाने "ओ" दिलेली त्यांना येत नाही, तसं. म्हणून कंपन्यांना ऐकणारे टॉवर बोलणाऱ्या टॉवरपेक्षा जास्त उभारावे लागत. आणि म्हणून यंत्राच्या तीन अवस्था होतात : ऐकूही येतंय आणि बोलताही येतंय, ऐकू येतंय पण बोलता येत नाही, दोन्ही नाही. मधली अवस्था एकेरी पेजरला असूच शकत नव्हती.

तुम्ही लिहिलेल्या निरोपालाही आता अवस्था आल्या. पाठवायचा राहिलाय, गेलाय, जमला नाही. ब्लॅकबेरीच्या यादीत याच गोष्टी घड्याळ, बरोबरची खूण आणि फुली अशा दिसत. पुढचं सांगायला नको, तुम्ही रोज बघता. व्हॉट्सअ‍ॅपची एक टिक, दोन टिका, आणि नोव्हेंबर २०१४ पासून निळ्या टिका. गेला, पोचला, उघडला. "वाचला" असं आपण म्हणतो खरं. पण निळी टिक फक्त उघडल्याचं सांगते.

एक इशारा, कारण मी स्वतः यात फसलेलो आहे. खुणेचा अर्थ यंत्रागणिक बदलतो. काही यंत्रांवर खूण दिसली म्हणजे तुम्ही क्षेत्राबाहेर. काहींवर खूण नाहीशी झाली म्हणजे बाहेर. फोटोवरून अंदाज बांधू नका, त्याच मॉडेलचं माहितीपत्रक मिळवा. आणि ते मिळालं तरी लक्षात ठेवा की खूण काय सांगण्यासाठी केली ते त्यात असतं, वापरणाऱ्याला काय कळलं ते नसतं.

आता परत यवतमाळला येऊ, कारण हा सगळा खटाटोप मी ज्यासाठी करतोय ते इथे आहे.

२००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांनी थैमान घातलं. त्यानंतर २००९ च्या खरिपापासून राज्यात क्रॉपसॅप हा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन कीड मोजायची, आकडे संगणकावर चढवायचे, कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी सल्ला काढायचा (आपल्या भागासाठी अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) आणि तो कास्तकाराच्या मोबाईलवर एसएमएसने पाठवायचा. २०१३ मध्ये केंद्राचं एमकिसान पोर्टल आलं, त्याचाही कणा एसएमएसच. वाईट कल्पना नाही. मी तिची टिंगल करत नाहीये. पण रचना बघा : एक केंद्र, एक टॉवर, हजारो ऐकणारे. आपण एकेरी पेजर पुन्हा उभारला. एसएमएसच्या तंत्रात पोच मागवायची सोय असते, पण त्या पोचेतही फक्त हँडसेट येतो.

मग २०१७ चा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो कास्तकार आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, २० हून जास्त माणसं गेली. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा रोज बातम्यांत होतं. या घटनेवर पुढे बरंच लिहिलं गेलं : औषधांची मिश्रणं, चीनमध्ये बनलेले पंप, वाढलेली कपाशी, उशिरा झालेले उपचार. तुम्ही संवादाच्या इतिहासाचे विद्यार्थी म्हणून यात शिरणार असाल तर तुमचा प्रश्न थोडा वेगळा असेल. धोक्याच्या सूचना होत्या का? होत्या. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर कायद्याने एक चौकोन असतो, कोनावर उभा केलेला, खालचा अर्धा भाग रंगीत : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हीसुद्धा एक स्टेटस खूणच. ती वाचायला कोणी शिकवलं?

आणि पेजरने शिकवलेली दुसरी गोष्ट. पेजरचा क्रमांक यंत्राला असतो, माणसाला नाही. दोन पेजरना एकच क्रमांक दिला तर दोन्ही वाजतात. पेजर मित्राला दिला तर निरोप मित्राला जातो. सल्ल्याचा एसएमएस जातो नोंदलेल्या मोबाईलवर, नोंद असते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याची, बाटली विकत घेतो तो कृषी केंद्रात जाणारा. आणि पाठीवर पंप घेऊन वावरात उतरतो तो कित्येकदा रोजाने आलेला मजूर. त्याचा नंबर कोणत्याच यादीत नाही. बाटली त्याच्यापर्यंत येते तेव्हा औषध पंपात ओतलेलं असू शकतं, म्हणजे चौकोनही त्याने पाहिलेला नसतो. कागदोपत्री मात्र सगळीकडे जावक आहे.

त्यामुळे अशा कामाला गेलात तर कार्यालयातून "पाठवलेल्या संदेशांची संख्या" जरूर मागा, पण तिच्या स्तंभाला मथळा काय दिलाय ते आधी वाचा. "पाठविले" की "प्राप्त"? बऱ्याच अहवालांत पहिला आकडा दुसऱ्या अर्थाने वापरलेला आढळतो, आणि पुढचे लेखक तो तसाच उचलतात. मुलाखतीत "तुम्हाला मेसेज आला होता का?" हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याला लोक बहुतेक "असेल जी" म्हणतात आणि तुमची वही तिथेच थांबते. त्याऐवजी विचारा, त्या वर्षी घरात मोबाईल किती होते, दिवसा कोणाजवळ असायचे, चार्जिंग कुठे व्हायचं, वावरात रेंज कोणत्या बांधावर यायची. मराठी अक्षरं त्या फोनवर दिसायची की नुसते चौकोन? आणि फवारणीच्या दिवशी सकाळी औषध कालवलं कोणी?