दिनविशेष : २४ जुलै – शं. बा. दीक्षित

भारतीय ज्योतिर्गणिताचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची जन्मतारीख २४ जुलै १८५३ अशी नोंदली जाते. गाव दापोलीजवळचे मुरूड, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा शाळामास्तरचा. रेवदंड्यानंतर, १८८०च्या सुमारास, ते ठाण्याच्या मराठी शाळेत होते. पुढे बार्शी, धुळे, पुणे. विसाजी रघुनाथ लेले आणि ठाण्याचेच जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत त्यांनी सायन (ऋतूंशी जुळणारे) पंचांग चालवले. ते मात्र लोकांच्या फारसे पचनी पडले नाही.

त्यांचे खरे बळ जुन्या तारखा सोडवण्यात. मध्य प्रदेशातील एरणच्या स्तंभलेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार एवढेच आहे. दीक्षितांच्या गणिताने तो दिवस २१ जून ४८४ ठरला आणि गुप्तकाळाचा आरंभ कधी धरायचा, या पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांच्या निष्कर्षाला भक्कम आधार मिळाला. दुसरे उदाहरण वैदिक काळाचे. कृत्तिका हा तारकापुंज; त्या पूर्वेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात एक विधान आहे. म्हणजे त्या तेव्हा खगोलीय विषुववृत्तावर होत्या. अयनगतीचा, म्हणजे विषुवबिंदू हळूहळू सरकण्याचा, हिशेब मांडून दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० असा काढला. यावर आजही वाद होतो. वाद होण्याइतके ते विधान नेमके आहे, हे विशेष.

वेदकाळापासूनचा सारा आढावा घेणारा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६मध्ये छापला गेला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ लंडनमध्ये निघाला. एप्रिल १८९८मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, दीक्षित गेले. मराठी ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग यायला १९६९ उजाडले.