फोटो काढण्यास सक्त मनाई

गेल्या शनिवारी भाचीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. हॉलच्या दारातच पाटी: 'पालकांनी फोटो व शूटिंग करू नये.' पुण्यात राहून पाटीशी वाद घालायचा नसतो, त्यामुळे फोन मुकाट्याने खिशात. भाची कोळीनृत्यात मस्त नाचली. घरी पोचतोय तर ताईचा मेसेज, "शाळेच्या इन्स्टाग्रामवर व्हिडिओ आलाय, बघ!" खाली सगळ्या मुलींची नावं, इयत्ता, तुकडी. सगळ्या जगाला खुलं.

म्हणजे मनाई नक्की कुणाला? जरा शोधाशोध केली.

आमच्या वेळी वर्षातून एकदा वर्गाचा फोटो निघायचा. पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत घरी यायची आणि कपाटात जायची. फोटो कुणाकुणाकडे आहे, हे माहीत असायचं. मोबाईलला कॅमेरा आला आणि हे संपलं. २००४ साली दिल्लीतल्या शाळकरी मुलांची एमएमएस क्लिप चक्क इंटरनेटवर विकायला निघाली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायदा दुरुस्त झाला, त्यात संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण करणं गुन्हा ठरलं. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अत्याचारग्रस्त मुलांचा फोटो छापायला बंदी घातली.

गंमत म्हणजे नोव्हेंबर २०१६मध्ये आपल्याच राज्य सरकारने उलटा आदेश काढला! मुलांची गळती रोखायला शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून 'सरल' प्रणालीवर टाकायचा. शिक्षकांनी विरोध केला आणि जानेवारी २०१७मध्ये ते बारगळलं. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला.

त्यानंतर आला २०२३चा डेटा संरक्षण कायदा. तो वाचताना मी थबकलोच. व्यक्तिगत, घरगुती कामासाठी वापरलेल्या डेटाला तो लागूच नाही. मात्र संस्थेला १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळलेली संमती हवी. (नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, संमतीच्या तरतुदीसाठी पुढे १८ महिन्यांची मुदत.) थोडक्यात, कायद्याचा रोख आजीला दाखवायला फोटो काढणाऱ्या मामावर नाही, शाळेच्या इन्स्टाग्रामवर आहे. पाटीचा रोख बरोबर उलटा!

इतर मुलांच्या पालकांचा विचार केला तर शाळेची पाटी मला पटते. पण मग ती शाळेलाही लागू हवी ना?

ताईला म्हटलं, निदान नावं तरी काढायला सांग. ती म्हणाली, "अरे, ॲडमिशनच्या वेळी कसल्यातरी फॉर्मवर सही केली होती मी. वाचलं कोणी?"

यावर मी गप्प. न वाचता टिक करायचे असले चौकोन बनवण्याचाच पगार मला मिळतो.

असो. या शनिवारी आम्ही दोघं मिळून तो फॉर्म शोधणार आहोत. आणि वाचणारही आहोत.