मराठी गीतांतील ‘चंद्र’ : एक शब्द, अनेक चाली

मराठी गाण्याला सहसा स्वतंत्र नाव नसते. कवितेला शीर्षक असते, नाटकाला आणि चित्रपटाला असते. गाणे मात्र त्याच्या पहिल्या ओळीने, बहुधा त्या ओळीतल्या पहिल्या दोन-तीन शब्दांनी ओळखले जाते. त्यामुळे एकाच शब्दाभोवती अनेक गाणी जमतात. नाट्यपद, भावगीत, अंगाईगीत आणि लावणी एका रांगेत येऊन उभी राहतात आणि एकमेकांत मिसळू लागतात. असे सर्वाधिक होते ते ‘चंद्र’ या शब्दाच्या बाबतीत. नाव सारखे असले, तरी या गाण्यांचे घराणे, हेतू आणि काळ निरनिराळे आहेत. त्यांतील प्रमुख गाण्यांचा हा परिचय.

चंद्र, चंद्रिका आणि चांदणे

आधी शब्दांचा उलगडा करणे उचित ठरेल. ‘चंद्र’ आणि ‘चंद्रमा’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. ‘चंद्रिका’ म्हणजे चंद्र नव्हे, त्याचा प्रकाश. त्याच प्रकाशाला घरगुती मराठी ‘चांदणे’ म्हणते. मुलांसाठी तोच चंद्र ‘चांदोबा’ होतो, ग्रामीण बोलीत पौर्णिमेची ‘पुनव’ होते, आणि काळ्या रंगाच्या पारंपरिक साडीला ‘चंद्रकळा’ म्हणतात. कोकणीत चंद्राला ‘चंद्रीम’ हे नाव आहे. गोमंतकीय वाचकांना बाकीबाब बोरकरांच्या ‘चैत्रपुनव’ आणि ‘चांदणवेल’ या काव्यग्रंथांची नावेही येथे आठवतील. शास्त्रीय संगीतात ‘चंद्रकंस’ हा राग आहे. पंढरपूरला भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिचे नाव ‘चंद्रभागा’ पडले आणि त्या नावाने भक्तिगीतांचे एक वेगळेच दालन उघडले.

‘चांदणी’ या शब्दाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. मराठीत चांदणी म्हणजे तारका. हिंदीत ‘चाँदनी’ म्हणजे चंद्रप्रकाश. दोन भाषांत वावरणाऱ्या घरांत या एका अक्षराच्या फरकाने गाण्याचा अर्थच पालटतो.

माळव्याची रात्र आणि मराठी गीत

अशी दुभाषी घरे इंदुरात पुष्कळ आहेत. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी माणसाची वस्ती आहे. रामबागेसारख्या जुन्या भागांत ती दाट होती. पुढे शहर पसरले तसे तिच्यातील काही कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेतून उभे राहिलेले विजयनगर ही अशीच एक नवी, गजबजलेली वसाहत. आग्रा-मुंबई मार्ग येथून पुढे देवास नाक्यावरून देवासकडे जातो. या मार्गाच्या परिसरात आधुनिक मराठी गीताच्या इतिहासाची काही महत्त्वाची पाने लिहिली गेली आहेत.

‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ अशी जुनी म्हण आहे. काशीची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांना तोड नाही, असा तिचा आशय. याच मध्य भारताच्या भूमीत कवी भा. रा. तांबे (१८७३-१९४१) वाढले. त्यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. आयुष्याचा मोठा भाग ग्वाल्हेर-देवासच्या परिसरात गेला. मराठीत गेय भावकवितेची वाट रुंद करणारा हा कवी. त्यांच्या ‘घनतमी शुक्र बघ’ या प्रसिद्ध गीतात रात्रीच्या राज्याचा मान चंद्राकडे नसून शुक्राकडे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हे गीत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लता मंगेशकरांनी गायिले. लताबाईंचा जन्म इंदूरचाच, २८ सप्टेंबर १९२९ चा. देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांनी ‘तांबे गीत रजनी’ हा स्वतंत्र कार्यक्रम रचून तांब्यांच्या कवितेला शास्त्रीय संगीताच्या व्यासपीठावर मानाचे स्थान दिले.

नाट्यपदांतला चंद्र

कालक्रमाने पाहता येथे पहिले स्थान ‘चंद्रिका ही जणू’ या पदाचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ हे नाटक १९११ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. पुढे हे पद मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक, झेपावणाऱ्या गायकीशी कायमचे जोडले गेले. गोव्यातील मंगेशी हे दीनानाथांचे गाव. चंद्रप्रकाश म्हटला की मंद, शीतल स्वर अपेक्षित असतात. दीनानाथांच्या गळ्यातली चंद्रिका मात्र तेजस्वी आहे. ‘मानापमान’ची मोहिनी आजही ओसरलेली नाही. सुबोध भावे यांनी त्यावर केलेला चित्रपट शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतासह २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

दुसरे पद ‘उगवला चंद्र पुनवेचा’. आचार्य अत्रे यांच्या ‘पाणिग्रहण’ नाटकातले हे पद श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले आणि बकुळ पंडित यांच्या आवाजात ते लोकप्रिय झाले. त्याची बांधणी मालकंस रागाच्या आधाराची. ‘झेंडूची फुले’ लिहून कवींच्या चंद्र-चांदण्याच्या सोसाची थट्टा करणारे अत्रे स्वतः पुनवेच्या चंद्राचे इतके रसरशीत पद लिहून जातात, यातच त्यांच्या प्रतिभेचा आवाका दिसतो. शास्त्रीय बैठक असलेल्या गायिका हे पद मैफलीत आवर्जून गातात. त्यामुळे त्याचे मूळ नाटकात आहे, हे मात्र अनेक श्रोत्यांना ठाऊक नसते.

भावगीतातला साक्षीदार

भावगीताच्या काळात चंद्राचे काम बदलले. तो शोभेची वस्तू राहिला नाही. माणसांच्या नात्याचा साक्षीदार झाला.

‘तोच चंद्रमा नभात’ हे शांता शेळके यांचे गीत. चाल आणि स्वर सुधीर फडके यांचा. या गीताची प्रेरणा शीला भट्टारिका या प्राचीन कवयित्रीच्या संस्कृत श्लोकात आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उद्धृत केलेला हा श्लोक सांगतो की प्रियकर तोच, चैत्राच्या रात्री त्याच, तरी मन मात्र पूर्वीच्या भेटीसाठी झुरते. शांताबाईंनी त्याचा अनुवाद केला नाही. श्लोकातील नायिकेला जुन्या भेटीची ओढ आहे. गीतात ती ओढच उरलेली नाही. चंद्र बदललेला नाही, हीच येथे दुःखाची खूण ठरते. एका स्त्रीच्या संस्कृत श्लोकातून दुसऱ्या स्त्रीच्या लेखणीत आलेले हे गीत पुरुषाच्या स्वरात अजरामर झाले, हाही त्याच्या प्रवासाचा एक विशेष.

‘चंद्र आहे साक्षिला’ हे गीत नेमके याच्या उलट टोकावरचे. जगदीश खेबुडकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत आणि आशा भोसले व सुधीर फडके यांचे युगुलस्वर. चित्रपटाचे नाव ‘चंद्र होता साक्षीला’ (१९७८). गाण्यात ‘आहे’ आणि चित्रपटाच्या नावात ‘होता’. प्रेमाच्या क्षणी दिलेली ग्वाही वर्तमानकाळात असते आणि तिची आठवण भूतकाळात जाते. क्रियापदाच्या एका बदलात सारी कथा सामावली आहे. चित्रपटाचे आणि गाण्याचे नाव एकच समजण्याची चूक मात्र वारंवार होते.

चांदण्याची दोन गीते या मालिकेत अपरिहार्य आहेत. ‘चांदणे शिंपीत जाशी’ हे राजा बढे यांचे आणि ‘चांदण्यात फिरताना’ हे सुरेश भट यांचे. दोन्हींचे संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि दोन्हींचा स्वर आशा भोसले यांचा. पहिल्या गीतात चांदणे नायिकेच्या चालण्यातून सांडते. दुसऱ्यात ते भोवताली पसरलेले आहे आणि त्यात फिरणाऱ्या दोघांतली जवळीक हा विषय आहे. संगीतकार आणि गायिका समान, शीर्षकाचा पहिला शब्दही जवळपास समान. म्हणून या दोन गीतांचे कवी एकमेकांच्या नावावर सहज खपून जातात. वडिलांनी ‘चंद्रिका’ गाजवली आणि मुलांनी ‘चांदणे’, असा मंगेशकर घराण्याचा हा योग गोमंतकीय रसिकांना खास आपला वाटावा असा आहे.

झाडामागचा चांदोबा

अंगाईगीतातला चंद्र मुलांचा सवंगडी असतो. ‘निंबोणीच्या झाडामागे’ हे मधुसूदन कालेलकर यांचे गीत ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ (१९७७) या चित्रपटातले. सुमन कल्याणपूर यांनी ते गायिले. संगीतकार एन. दत्ता, म्हणजे मूळचे गोमंतकीय दत्ता नाईक. हिंदी चित्रपटसंगीतात नाव कमावलेल्या या संगीतकाराची ही चाल मराठी घरांत इतकी मुरली, की अनेकांना ती पारंपरिकच वाटते.

त्यालाही कारण आहे. झाडामागे लपणाऱ्या चांदोबाची कल्पना लोकपरंपरेतल्या बालगीतातून आलेली. कालेलकरांनी त्या लपलेल्या चांदोबाला झोपवले आणि खेळाच्या गाण्याचे अंगाईत रूपांतर केले. पारंपरिक बालगीत आणि हे चित्रपटगीत एकच समजले जाते ते यामुळेच. शिवाय ‘निंबोणी’ की ‘लिंबोणी’ हा उच्चारभेद घरोघर असल्याने शोधताना गोंधळात भर पडते.

लावणीतली ‘चंद्रा’

या मालिकेतले ताजे आणि सर्वांत ठसकेबाज गाणे म्हणजे ‘चंद्रा’. प्रसाद ओक दिग्दर्शित ‘चंद्रमुखी’ (२०२२) हा चित्रपट विश्वास पाटील यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला. गीत गुरू ठाकूर यांचे, संगीत अजय-अतुल यांचे, स्वर श्रेया घोषाल यांचा आणि पडद्यावर अमृता खानविलकर. येथे चंद्र आकाशात नाही. ‘चंद्रा’ हे तमाशातल्या कलावतीचे नाव आहे आणि ती स्वतःच स्वतःची ओळख करून देते. आतापर्यंतच्या गीतांत स्त्रीला चंद्राची उपमा दिली जात होती किंवा चंद्र तिच्या प्रेमाला साक्षी होता. या लावणीत ते नावच तिने घेतले. मराठी न समजणाऱ्यांपर्यंतही हे गाणे पोहोचले, ते ढोलकीच्या ठेक्यामुळे आणि नृत्यामुळे.

नाव एक, ओळख हरवलेली

पूर्वी गाणे त्याच्या परिसरासह कानांवर येत असे. नाटकातले पद नाटकात ऐकले जाई. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगितली जात. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ती छापलेली असत. आता गाणे भ्रमणध्वनीवर एका शब्दाने शोधले जाते. ‘चंद्र’ हा शब्द दिला की नाट्यपद, लावणी, भक्तिगीत आणि हिंदीतील ‘चंदा’ची गाणी एकाखाली एक उभी राहतात. गायकाचे नाव ठळक असते. कवीचे नाव बहुतेकदा नसतेच.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ही उणीव भरून काढणारी माणसे आसपास भेटतात. घरातले कोणी नाटक पाहिलेले असते, गावात एखादे भजनी मंडळ असते. विजयनगरसारख्या वसाहतीत, जिथे शाळा, बाजार आणि शेजार हिंदी किंवा इंग्रजी आहे, तिथे वाढणाऱ्या मराठी मुलापुढे शोधाचा पडदा हाच बहुधा गाण्याचा पहिला परिचय असतो. इंदुरात ‘सानंद’सारख्या संस्था मराठी नाटके आणि संगीताचे कार्यक्रम सातत्याने घडवतात, म्हणून तेथे हा धागा अजून तुटलेला नाही, परंतु सभागृहातला कार्यक्रम आणि हातातला भ्रमणध्वनी यांची स्पर्धा समान नाही.

यात हानी होते ती प्रथम कवीची. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लिहिणारे राजा बढे आणि ‘चांदणे शिंपीत जाशी’ लिहिणारे राजा बढे एकच, हे माहीत नसेल तर एका कवीचे दोन अर्धे तुकडे उरतात. शांताबाईंचे गीत केवळ ‘बाबूजींचे गाणे’ म्हणून ओळखले गेले, तर त्यामागचा हजारएक वर्षांचा काव्यप्रवास पुसला जातो. कालेलकरांची अंगाई ‘पारंपरिक’ ठरली, तर लिहिणाऱ्याचे श्रेय लोकपरंपरेच्या खात्यावर जमा होते, आणि एन. दत्तांसारख्या गोमंतकीयाचे नाव त्याच्याच मातीत अनोळखी होते.

गाणे शोधताना

मराठी गाण्याची नोंद करताना किंवा ते शोधताना पाच गोष्टी सोबत ठेवाव्यात : पहिली ओळ पूर्ण, गीतकार, संगीतकार, मूळ गायक आणि ज्या नाटकातून वा चित्रपटातून गाणे आले त्याचे नाव. स्वतंत्र भावगीत असेल तर तसे नमूद करावे. पहिल्या शब्दाचे रूप जसेच्या तसे लिहावे. ‘चंद्रिका’, ‘चंद्रमा’, ‘चंद्रा’ आणि ‘चांदणे’ यांची सरमिसळ टाळावी. पारंपरिक रचना आणि तिच्यावरून स्फुरलेले नवे गीत यांची नोंद वेगळी ठेवावी. नव्या गायकाने गायिलेले जुने गाणे मुलांना ऐकवताना मूळ गायकाचे आणि कवीचे नाव उच्चारावे. घरातल्या घरात एवढे केले, तरी एका शब्दाखाली गोळा झालेली ही गाणी पुन्हा आपापल्या नावानिशी ओळखली जातील.