‘मेंटेनन्ससाठी बंद’ या समजुतीविषयी

पतसंस्था, अडत दुकानं, साखर कारखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारे सोलापूरकर आता क्लाउडवर गेले. पण जुन्या सर्व्हररूममधली एक समजूत तिथंही सोबत गेली: डेटाबेसची रचना बदलायची तर सेवा बंद ठेवणं भागच. शनिवारी रात्री फलक लावायचा, सगळे बदल एका दमात उरकायचे आणि सकाळी उघडायचं.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. त्याचं पहिलं म्हणणं असं की प्रोग्राम आणि टेबल एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. रकान्याचं नाव बदललं की जुना प्रोग्राम त्याच क्षणी कोसळतो. दुसरं, बदल चालू असताना टेबलाला लॉक लागतो आणि त्यावरचं बाकीचं काम अडतं. तिसरं म्हणणं सर्वांत वजनदार आहे: बंद काळात बिघडलं तर बॅकअप चढवून मागं येता येतं, चालू गाडीत ते जमत नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करू. बॅकअपचा आधार दुकान उघडेपर्यंतच असतो. सोमवारी दहा वाजता भरणा सुरू झाला, शे-दोनशे पावत्या फाटल्या आणि अकराला चूक सापडली, तर शनिवारचा बॅकअप चढवणं म्हणजे त्या पावत्या पुसणं. चुका बहुधा तेव्हाच सापडतात, कारण खरे व्यवहार तेव्हाच सुरू होतात. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल 2018 मध्ये असाच शनिवार-रविवार गाठून, सेवा बंद ठेवून, 50 लाखांहून अधिक ग्राहकांचा डेटा एकदम नव्या प्रणालीवर हलवला. उघडल्यावर 19 लाखांपर्यंत ग्राहकांना आपलीच खाती दिसेनात. घडी बसायला डिसेंबर उजाडला आणि 2022 मध्ये नियामकांनी 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड ठोठावला. फलक वेळेवर लागला होता. त्यानं काही वाचवलं नाही.

आता पहिला मुद्दा. जुळणी हवी हे खरं, पण ती एकाच क्षणी व्हायला हवी असं कुणी ठरवलं? आपल्याकडच्या जमिनीच्या नोंदीच पाहा. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे खरेदी झाली की आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मग सातबारावर नवं नाव चढतं. जुनं नाव तरीही पुसून टाकत नाहीत. पूर्वी ते कंसात जाई, 2020 च्या नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेष येते. मालक बदलायचा म्हणून चावडीला कुणी कुलूप लावलं नाही.

डेटाबेसमध्ये हीच चाल चालते. स्कॉट अँबलर आणि प्रमोद सदलगे यांनी 2006 च्या ‘रिफॅक्टरिंग डेटाबेसेस’ या पुस्तकात जुनी आणि नवी रचना काही काळ शेजारी नांदू देण्याचं तंत्र सविस्तर मांडलं आहे. समजा एका सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये शेताचं क्षेत्र एकर-गुंठ्यात आहे आणि ते हेक्टर-आरमध्ये न्यायचं आहे. आधी नवा रकाना रिकामाच जोडायचा. जुन्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. मग प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवायची, जी एकाच व्यवहारात दोन्ही रकाने लिहिते पण वाचते जुनाच. त्यानंतर मागच्या नोंदी हजार-हजारच्या तुकड्यांनी, मध्ये श्वास घेत, भरायच्या. भरून झालं की दोन्हींचा ताळा घ्यायचा. वाचन नव्या रकान्यावर वळवायचं ते यानंतर.

ताळ्याचा टप्पा सगळ्यांत मोलाचा. ‘1.10’ म्हणजे एक एकर दहा गुंठे, अर्थात पन्नास गुंठे. घाईतला प्रोग्रामर त्याला दशांश समजतो आणि 1.1 एकराचे चव्वेचाळीस गुंठे करतो. सहा गुंठे गेले! रात्रीच्या चार तासांत हे कुणाच्या लक्षात येणार? पंधरा दिवस दोन्ही आकडे शेजारी राहिले की ताळ्यात पहिल्याच दिवशी टोचतं, आणि तोवर वाचन जुन्याच रकान्यावरून चाललेलं असल्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

राहिला लॉक. त्याची धास्ती निम्मी जुनी झाली आहे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या 11 व्या आवृत्तीपासून (2018) ठरावीक मूल्यासह नवा रकाना जोडताना टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. इंडेक्सही लिखाण न अडवता बांधता येतो. उरलेली निम्मी धास्ती मात्र खरी आहे. वार्षिक अहवालाची लांबलचक क्वेरी चालू असताना रकाना जोडण्याची आज्ञा दिली, की ती आज्ञा रांगेत थांबते आणि तिच्यामागं त्या टेबलाकडे येणारी प्रत्येक साधी विचारणाही थांबते. क्षणाचं काम, पण सेवा ठप्प. उपाय सोपा आहे: दोन सेकंदांत लॉक मिळाला नाही तर आज्ञेनं माघार घ्यावी आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करावा, अशी मर्यादा आधीच घालून ठेवायची.

शंभर सभासदांच्या भिशीच्या हिशेबाला एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, रविवारी बंद ठेवा आणि मोकळे व्हा. पण आषाढीच्या तोंडावर पंढरपूरच्या भक्तनिवासाचं आरक्षण घेणाऱ्या प्रणालीला निवांत रात्र कुठली? तिथं हे कष्ट घ्यावेच लागतात, आणि ते कमी नाहीत. एका बदलासाठी प्रोग्राम तीन-चारदा चढवावा लागतो, दोन्ही रकाने सांभाळावे लागतात. शेवटचा टप्पा, म्हणजे जुना रकाना काढून टाकणं, तर हमखास राहून जातो. ज्यानं बदल सुरू केला त्याच्याच नावावर, तारखेसकट, ते काम पहिल्या दिवशी लिहून ठेवावं. नाहीतर वर्षभरानं आलेला नवा प्रोग्रामर क्षेत्राचे दोन रकाने बघून नेमका जुना वापरतो.