विदूषकी तंत्रे (नाट्यतालीम)

विदूषकी तंत्रे म्हणजे विदूषक, सोंगाड्या किंवा सर्कशीतील जोकर यांच्या कलेतून घेतलेल्या आणि विनोदी नाटकाच्या तालमीत नटांच्या तयारीसाठी वापरल्या जाणाऱ्या अभिनयपद्धती होत. यांना इंग्रजीवरून क्लाउनिंग असेही म्हटले जाते. नटाला विदूषक बनवणे हा या पद्धतींचा उद्देश नसतो. पात्राचा मूर्खपणा गांभीर्याने घेणे, चूक झाकण्याऐवजी तिचा उपयोग करणे, प्रेक्षकांचा प्रतिसाद ऐकणे आणि शरीराची लय सांभाळणे, या चार गोष्टी नटाच्या अंगवळणी पडाव्यात हा त्यांचा हेतू असतो. महाराष्ट्रात या कौशल्यांची सर्वांत समृद्ध परंपरा तमाशातील सोंगाड्याच्या रूपाने आढळते. खानदेश आणि नंदुरबार जिल्ह्यातील लोकनाट्यांतही सोंगाड्याला महत्त्वाचे स्थान आहे.

संज्ञा

सोंग म्हणजे घेतलेले रूप किंवा वेषांतर. सोंग घेणारा, सोंग वठवणारा तो सोंगाड्या. विदूषक ही संस्कृत नाटकातील संज्ञा असून मराठीत ती सर्कशीतील हास्यकारालाही लावली जाते. जोकर हा शब्द पत्त्यांच्या खेळामुळे व सर्कशीमुळे रूढ झाला. नाट्यप्रशिक्षणात मात्र क्लाउन हा शब्द एका विशिष्ट अर्थाने येतो. तेथे तो ठरावीक पात्राचा वाचक नसून नटाच्या स्वतःच्या हास्यास्पद बाजूचा वाचक असतो.

पार्श्वभूमी

भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगातील त्रिगत या भागात सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक यांचा संवाद सांगितला आहे. त्यात विदूषक असंबद्ध बोलून सूत्रधाराला हसवतो. पुढे नाटकातही तो नायकाचा मित्र म्हणून वावरतो. कालिदासाच्या शाकुंतलातील माढव्य आणि शूद्रकाच्या मृच्छकटिकातील मैत्रेय ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. हा विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, खाण्यापिण्यात रमतो आणि राजाला स्पष्ट बोलू शकतो. या पात्राचा सविस्तर अभ्यास गो. के. भट यांनी केला आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर या नाटकाचा प्रयोग केला. त्या काळच्या पौराणिक नाटकांत आरंभी सूत्रधार व विदूषक यांचा विनोदी संवाद असे. पुढे लिखित संहितेचे महत्त्व वाढत गेले, तसा शिष्ट रंगभूमीवरील हा उत्स्फूर्त विदूषक मागे पडला. तमाशात मात्र तो सोंगाड्याच्या रूपाने टिकून राहिला.

तमाशातील सोंगाड्या

परंपरागत तमाशाची मांडणी गण, गवळण, बतावणी आणि वग अशी असते. गवळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या हे सोंगाड्याचे पात्र असते, तर मावशीचे काम बहुधा पुरुष नट करतो. बतावणीत सरदार किंवा नाईक प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या त्याला फाटे फोडतो. वगात सोंगाड्या नोकर, शिपाई, प्रधान किंवा गावकरी अशा भूमिकांत वावरतो आणि राजापासून सावकारापर्यंत कोणाचीही फिरकी घेतो.

दादू इंदुरीकर हे गाढवाचं लग्न या वगातील सावळ्या कुंभाराच्या भूमिकेमुळे सर्वपरिचित झाले. त्यांचे मूळ नाव गजानन सरोदे असे होते. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ काळू-बाळू या नावाने गाजले. जहरी प्याला या वगातील त्यांची हवालदारांची जोडी विशेष लोकप्रिय ठरली. वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्यातील दादा कोंडके यांची भूमिका, तसेच कथा अकलेच्या कांद्याची या वगातील निळू फुले यांचे काम, यांमुळे सोंगाड्याची शैली शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. दादा कोंडके यांचा सोंगाड्या हा चित्रपट १९७१ मध्ये प्रदर्शित झाला.

सोंगाड्याचा विनोद वरकरणी आयत्या वेळी सुचलेला वाटला, तरी त्यामागे पक्का सांगाडा असतो. बतावणीत प्रवेश, गैरसमज, गैरसमजाची चढण, सरदाराचा संताप आणि मूळ विषयाकडे परतणे हे टप्पे ठरलेले असतात. या टप्प्यांमधील शब्द गावानुसार, प्रसंगानुसार आणि समोरच्या प्रेक्षकांनुसार बदलतात. हशा मिळाला तर टप्पा लांबवायचा आणि प्रतिसाद थंड असेल तर आवरता घ्यायचा, हे सोंगाड्या प्रेक्षकांकडे पाहून ठरवतो. ही विद्या लेखी स्वरूपात फारशी नाही. ज्येष्ठ कलावंतासोबत वर्षानुवर्षे उभे राहून ती शिकली जाते.

पाश्चात्त्य प्रशिक्षणपद्धती

इटलीतील कॉमेडिया देल आर्ते या सोळाव्या शतकापासूनच्या नाट्यप्रकारात मुखवटे घातलेली ठरावीक पात्रे कथानकाच्या आराखड्यावरून उत्स्फूर्त संवाद रचत. त्यांच्या पाठ असलेल्या विनोदी कृतींना लात्झी म्हणत. युरोपीय सर्कशीत नीटनेटका, अधिकारी वृत्तीचा पांढरा विदूषक आणि गबाळा, गोंधळलेला ओगुस्त अशी जोडी रूढ झाली. हे नाते तमाशातील सरदार व सोंगाड्या यांच्या नात्याशी जुळणारे आहे. दोन्हीकडे एकजण नियम सांगतो आणि दुसरा ते पाळण्याच्या प्रयत्नातच मोडतो.

या परंपरेला नटांच्या शिक्षणक्रमात आणण्याचे श्रेय मुख्यतः फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांना दिले जाते. त्यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा सुरू केली. त्यांनी विद्यार्थ्यांना एकेकाने पुढे येऊन इतरांना हसवण्यास सांगितले, तेव्हा सर्वांचे प्रयत्न फसले. कोट्या, कोलांट्या काहीच चालले नाही. विद्यार्थी खजील होऊन जागेवर परतू लागले आणि नेमके त्या वेळी इतरांना हसू फुटले. हसवण्याचा आव गळून पडल्यावर उघडा पडणारा माणूस हाच विनोदाचा उगम आहे, असा निष्कर्ष लकॉक यांनी यातून काढला. विदूषकाच्या लाल नाकाला ते जगातील सर्वांत लहान मुखवटा मानत. त्यांचे विद्यार्थी व सहकारी फिलिप गोलिए यांनी पुढे ही शिकवण स्वतंत्रपणे विकसित केली.

तालमीतील उपयोग

विनोदी नाटकाच्या तालमीतील एक नेहमीची अडचण अशी की, पहिल्या वाचनाला हसू आणणारे संवाद वारंवार म्हटल्याने शिळे होतात. मग नट आवाज चढवतो, चेहरा वेडावाकडा करतो किंवा स्वतःच हसू लागतो. विदूषकी तंत्रांचा उपयोग मुख्यतः या टप्प्यावर होतो. पुढील सराव सर्वसाधारणपणे वापरले जातात.

१. रिकामा प्रवेश : नट काहीही न ठरवता रंगमंचावर येतो, प्रेक्षकांकडे पाहतो, थांबतो आणि परत जातो. संवाद किंवा हावभाव यांचा आधार नसताना केवळ उपस्थितीने लक्ष वेधता येते का, हे यात कळते. सोंगाड्याच्या पहिल्या प्रवेशालाच अनेकदा हशा मिळतो, त्यामागे हेच कौशल्य असते.

२. गंभीर हेतू : पात्राला काय हवे आहे हे एका वाक्यात ठरवून नट तेच मिळवण्याचा मनापासून प्रयत्न करतो. खुर्चीवर बसणे, पत्र लपवणे किंवा दार उघडणे एवढी साधी गोष्टही चालते. दिग्दर्शक प्रत्येक प्रयत्नात नवा अडथळा सुचवतो. नट विनोद करू पाहत नाही. विनोद त्याच्या चिकाटीतून निर्माण होतो. स्वतःच्या कोटीवर स्वतः न हसण्याचा सोंगाड्याचा संकेत येथे उपयोगी पडतो.

३. फसण्याचा सराव : नटाने गोष्ट सांगायची आणि बघणाऱ्यांनी मुद्दाम हसायचे नाही. शांतता पसरल्यावर नटाने घाई न करता ती मान्य करायची, प्रेक्षकांकडे पाहायचे आणि तेथून पुढे जायचे. प्रयोगात एखादा हशा चुकला की गडबडून जाण्याची सवय यामुळे कमी होते.

४. मुद्दाम चुकीचे ऐकणे : एक नट आज्ञा देतो व दुसरा तिचा शब्दशः किंवा भलताच अर्थ घेतो. बतावणीतील सरदार-सोंगाड्याच्या संवादाचा हा थेट वापर आहे. यात सरदाराचे काम अधिक कठीण असते. त्याने खराखुरा चिडून विषय पुढे नेला नाही, तर सोंगाड्याच्या उत्तराला टेकू उरत नाही.

५. वस्तूशी झुंज : काठी, घडी न होणारी छत्री, उघडेना अशी पिशवी अशा एखाद्या वस्तूसह शब्दांविना प्रसंग रचला जातो. लय नेमकी कोठे चुकते हे संवाद नसल्यामुळे स्पष्ट दिसते.

६. निरर्थक भाषेत प्रवेश : नाटकातील प्रसंग अर्थहीन ध्वनींत करून पाहिला जातो. पात्रांचे नाते व हेतू शरीरातून पोहोचत असतील, तर प्रसंग समजतो. त्यानंतर नट मूळ संवादांकडे परततात, तेव्हा शब्दांवरचा भार हलका झालेला असतो.

या सरावांतून मिळालेले सर्व काही प्रयोगात ठेवले जात नाही. दिग्दर्शक त्यातील उपयुक्त विराम, नजरा व हालचाली निवडून संहितेत बसवतो. बबन प्रभू यांच्या झोपी गेलेला जागा झाला यासारख्या फार्समध्ये प्रवेश-निर्गमनांचे गणित काटेकोर असावे लागते. अशा नाटकात उत्स्फूर्ततेचा वापर प्रामुख्याने तालमीपुरता राहतो. वगनाट्यात मात्र तिला प्रयोगातही मोकळी जागा असते.

खानदेश व नंदुरबार जिल्हा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी इत्यादी आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. मराठीबरोबरच भिली, पावरी, मावची, अहिराणी व गुजर बोली आणि गुजराती येथे ऐकू येतात. नवापूर व गुजरातच्या सीमेलगतच्या आदिवासी भागात सोंगाड्या पार्टी या नावाने ओळखली जाणारी लोकनाट्य पथके आहेत. गाणी, नृत्य आणि स्थानिक बोलीतील विनोदी प्रसंग यांचे मिश्रण त्यांच्या कार्यक्रमांत असते. स्त्रीपात्रे पुरुष नटांनी वठवण्याची पद्धतही त्यांत आढळते. शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारी यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असून तेथे तमाशाचे फडही येतात. अनेक बोली बोलणाऱ्या प्रेक्षकसमुदायापुढे केवळ शाब्दिक कोटी अपुरी पडते. चाल, नजर, वेष आणि वस्तूंचा खेळ यांवर आधारलेला विनोद मात्र बोलीची सीमा ओलांडू शकतो.

सातपुड्यातील होळीच्या उत्सवातही सोंगे असतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळी त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. बावा, बुध्या यांसारखी रूपे धारण करणारे लोक मोरपिसांचे टोप, घुंगरू आणि कंबरेला वाळलेले दुधी भोपळे बांधून नाचतात व ठरावीक काळ व्रताचे नियम पाळतात. ही सोंगे श्रद्धेचा भाग असल्यामुळे त्यांना नाट्यतालमीचे साधन मानता येत नाही. तथापि, वेष आणि शरीरावरील वजन बदलले की माणसाची चाल व लय कशी बदलते, हे त्यांतून दिसून येते.

आधुनिक रंगभूमीवरील वापर

चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेल्या आणि विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या अजब न्याय वर्तुळाचा या नाटकात लोकनाट्याच्या शैलीचा उपयोग करण्यात आला. शाहीर साबळे यांच्या मुक्तनाट्यांनी प्रेक्षकांशी थेट बोलण्याची सोंगाड्याची पद्धत मुंबईच्या रंगमंचावर आणली. मुंबईतील रजत कपूर यांनी दिग्दर्शित केलेल्या हॅम्लेट द क्लाउन प्रिन्स या नाटकात विदूषकांचा एक संच निरर्थक भाषेच्या मिश्रणात शेक्सपिअरची शोकांतिका सादर करतो. यातील प्रमुख नट अतुल कुमार यांच्या द कंपनी थिएटर या संस्थेचे तालीमकेंद्र पुणे जिल्ह्यातील कामशेत येथे आहे. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत तमाशासह विविध लोककलांचे शिक्षण दिले जाते.

मर्यादा व आक्षेप

विदूषकी सरावात नटाला स्वतःचे हसे करून घ्यावे लागते. त्यामुळे सहकाऱ्यांवर विश्वास नसेल तर सराव अपमानकारक ठरू शकतो. लकॉक व गोलिए यांच्या परंपरेतील कठोर शेरेबाजीवरही टीका झाली आहे. तमाशातील काही विनोद स्त्रिया, शारीरिक व्यंग किंवा जात यांवर बेतलेले असतात. सोंगाड्याचे तंत्र स्वीकारताना हा आशय स्वीकारणे आवश्यक नाही. परंपरेतही सोंगाड्याचा प्रभावी विनोद सत्ताधाऱ्यावर किंवा स्वतःवर असतो.

दुसरी अडचण लेखी नोंदीची आहे. महाराष्ट्रात प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. बतावणीचे शब्द मात्र प्रत्येक गावी बदलतात. त्यामुळे छापील वगात सोंगाड्याच्या कामाचा केवळ सांगाडा उरतो. विराम, नजर, आवाजाची पट्टी आणि प्रेक्षकांशी झालेली देवाणघेवाण कागदावर येत नाही. जुना सोंगाड्या निवृत्त होताना शागीर्द तयार नसेल, तर ही विद्या त्याच्याबरोबरच संपते. म्हणूनच नाट्यप्रशिक्षणात सोंगाड्याला पाठ्यविषय करण्याबरोबरच त्याला शिक्षक म्हणून तालमीत आणणे महत्त्वाचे ठरते.

हेही पहा

तमाशा
वगनाट्य
गाढवाचं लग्न
दशावतार
कॉमेडिया देल आर्ते
नंदुरबार जिल्हा