अल्पद्रव्य प्रवासी आणि युरोपचीं दारें

युरोपचा प्रवास म्हटला कीं तो श्रीमंतांचा, अशी समजूत आमच्या मध्यम वर्गांत फार दिवसांची आहे. ह्या समजुतीस अलीकडे आमचीं तरुण मुलेंच सुरुंग लावूं लागलीं आहेत. पाठीवर एक पिशवी, खिशांत आगगाडीचा एक सामायिक पास, रात्रीं आठ-दहा अनोळखी सोबत्यांच्या खोलींत एक खाट, आणि दुपारीं बाजारांतून घेतलेला पाव व चीज, एवढ्या सरंजामावर तीं पॅरिस, आम्स्टर्डाम, प्राग व व्हिएन्ना हीं शहरें तीन आठवड्यांत पाहून येतात, आणि खर्चाचा आंकडा सांगतात तेव्हां वडीलधाऱ्यांस तो खरा वाटत नाहीं. हा प्रकार अगदीं नवा आहे असें वडिलांस वाटतें, आणि तो आपल्या पिढीनें काढला असें मुलांस वाटतें. इतिहास ह्या दोन्ही मतांस अनुकूल नाहीं. थोडक्या पैशांत युरोप पायांखालीं घालणाऱ्यांची परंपरा श्रीमंतांच्या परंपरेहून कितीतरी जुनी आहे. आणि तिचा क्रम लावून पाहिला असतां एक गोष्ट ठळकपणें दिसून येते. गरीब प्रवासी स्वतःच्या काटकसरीनें जितका पुढें जातो, त्याहून अधिक तो दुसऱ्यानें उघडून ठेवलेल्या दारानें जातो. तीं दारें कोणीं उघडलीं, कोणीं बंद केलीं, व आज तीं कोणासाठीं उघडीं आहेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या परंपरेचा मूळ पुरुष म्हणजे यात्रेकरू होय. मध्ययुगांत स्पेनच्या वायव्य टोंकाकडील सांतियागो दे कोंपोस्तेला ह्या क्षेत्रीं युरोपच्या कानाकोपऱ्यांतून लोक पायीं जात. बाराव्या शतकांत ह्या वाटेचें एक मार्गदर्शक लॅटिन भाषेंत तयार झालें. कोणत्या नदीचें पाणी प्यावें, कोणत्या नदीचें पिऊं नये, आणि कोठले नावाडी उतारूंस लुबाडतात, येथपर्यंतची माहिती त्यांत आहे. आलेला पाहुणा हा प्रत्यक्ष ख्रिस्तच समजून त्याचें स्वागत करावें, असा संत बेनेडिक्टच्या मठांचा नियम होता. आल्प्स पर्वतांत सुमारें २,४७० मीटर उंचीच्या घाटांत संत बर्नार्डची धर्मशाळा अकराव्या शतकांत स्थापन झाली, ती ह्याच वृत्तीतून. वारीच्या वाटेवरील धर्मशाळा व अन्नछत्रें ज्यांस ठाऊक आहेत, त्या आमच्या वाचकांस ह्यांत परकें असें कांहींच वाटणार नाहीं.

यात्रेकरूच्या मागोमाग कारागीर येतो. जर्मन मुलखांत उमेदवारी संपलेल्या सुतारास वा गवंड्यास लगेच उस्ताद होतां येत नसे. अनेक धंद्यांत असा दंडक होता कीं त्यानें आधीं कांहीं वर्षें गांवोगांव हिंडून निरनिराळ्या हातांखालीं काम करावें. नव्या गांवीं गेल्यावर त्याच्या धंद्याच्या पंचायतीनें नेमून दिलेल्या जागीं त्यास अंथरूण मिळे; काम असल्यास काम मिळे, आणि नसल्यास पुढच्या गांवापर्यंतची वाटखर्ची मिळे. ही चाल अद्यापि नष्ट झालेली नाहीं. काळ्या पोषाखांतील कांहीं थोडे जर्मन कारागीर आजहि तीन वर्षें व एक दिवस हिंडतात, आणि त्या मुदतींत आपल्या गांवाच्या ५० किलोमीटरांच्या आंत पाऊल टाकीत नाहींत. प्रवास हें शिक्षणाचें अंग आहे, हा सिद्धान्त उमरावांच्या फार पूर्वीं ह्या सुतारांनीं आचरणांत आणिला होता.

उमरावांच्या पुत्रांनीं शिक्षक, नोकर, गाडी व ओळखपत्रें बरोबर घेऊन पॅरिस व रोमपर्यंत करावयाचा जो 'ग्रँड टूर', त्याचें नांव रिचर्ड लॅसल्सच्या १६७० सालच्या पुस्तकांत छापून आलें. त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; आम्ही येथें थांबत नाहीं. त्याच्या ६२ वर्षें आधींच एका इंग्रजानें तोच प्रवास अल्पखर्चांत करून दाखविला होता, त्याची कथा अधिक रसाळ आहे.

ह्याचें नांव टॉमस कोरिअट; सॉमरसेट परगण्यांतील ऑडकंब गांवच्या पाद्र्याचा हा मुलगा. १४ मे १६०८ रोजीं तो डोव्हरहून निघाला आणि ३ ऑक्टोबरला लंडनांत परतला. पांच महिन्यांत त्यानें पॅरिस, लिऑन, तुरिन, मिलान, पादुआ व व्हेनिस, आणि परततांना झुरिक, बाझल, स्ट्रासबुर्ग, हायडेलबर्ग व कोलोन हीं शहरें पाहिलीं. स्वतःच्या गणतीप्रमाणें १,९७५ मैल तो चालला, आणि त्यांत पायपीट मोठी होती. बेर्गामो येथें जत्रेमुळें कोठेंहि जागा मिळेना, तेव्हां तो तबेल्यांत घोड्यांच्या पायांशीं निजला. जर्मनींत बाडेनजवळ दोन दांडगे शेतकरी समोरून येतांना पाहून हे आपणांस लुटणार अशी त्यास धास्ती पडली. तेव्हां ह्या गृहस्थानें आपण होऊन टोपी काढली आणि त्यांच्यापुढें भिक्षेसाठीं हात पसरला! बिचाऱ्यांनीं कांहीं नाणीं दिलीं, आणि त्यांत त्याच्या रात्रीच्या जेवणाचा बराचसा खर्च भागला. घरीं आल्यावर त्यानें आपले झिजलेले जोडे गांवच्या देवळांत टांगून ठेविले, आणि १६११ सालीं प्रवासवर्णनाचा एक जाडजूड ग्रंथ काढिला. बेन जॉन्सन व जॉन डन ह्यांच्यासारख्यांनीं त्या ग्रंथास थट्टेचीं प्रास्ताविक पद्यें जोडलीं. लोक हंसले, परंतु इटालियन मनुष्य बोटांनीं नव्हे, तर कांट्यानें मांस खातो, ही बातमी इंग्रज वाचकांस तपशीलवार दिली ती ह्या विदूषकानेंच. राजवाड्यांइतकीच खानावळ व बाजार ह्यांकडे त्याची दृष्टि होती, आणि ही दृष्टि त्यास पायीं चालण्यानें दिली होती.

पुढें कवींनींहि हीच वाट धरली. ऑलिव्हर गोल्डस्मिथ १७५५ सालीं हॉलंडांतील लेडन सोडून फ्लँडर्स, फ्रान्स, स्विट्झर्लंड व इटली असा बहुतांशीं पायीं हिंडला. वाटेंत बांसरी वाजवून तो शेतकऱ्यांच्या घरीं रात्रीचा आसरा मिळवी, असें परंपरा सांगते. ह्या भटकंतीचें फळ म्हणजे १७६४ सालचें त्याचें 'ट्रॅव्हलर' हें काव्य. १७९० सालच्या सुट्टींत केंब्रिजचा विद्यार्थी वर्ड्सवर्थ व त्याचा मित्र रॉबर्ट जोन्स हे प्रत्येकीं सुमारें २० पौंड खिशांत आणि जरुरीपुरतें सामान रुमालांत बांधून आल्प्सकडे निघाले. १३ जुलै रोजीं ते कॅले बंदरांत उतरले. दुसरा दिवस बास्तीय पडल्याचा पहिला वर्षदिन होता. गांवोगांव उत्सव चालला होता, आणि ह्या दोघां परक्या पोरांस त्या आनंदांत सामील होण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. गाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्या उमरावपुत्रास तो फ्रान्स कितीसा दिसला असता?

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि स्वस्ताईची दुसरीच एक वाट निघाली. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक ह्या मद्यपाननिषेधक गृहस्थानें सुमारें ५०० लोकांस लेस्टरहून लफबरो येथें एका शिलिंगांत नेऊन आणलें. १८५५ सालीं त्यानें युरोपखंडांतील सहली सुरू केल्या. त्याची कंपनी सप्टेंबर २०१९ मध्यें बुडाली, पण तिनें पाडलेली रीत सर्वत्र चालू आहे. कुकच्या योजनेनें कारकून व दुकानदार ह्यांस परदेश दिसला, हा उपकार लहान नव्हे. तथापि येथें खर्च कमी झाला तो संख्येच्या बळावर, आणि त्याची किंमत प्रवाशानें आपल्या स्वातंत्र्यानें दिली. कोठें थांबावें व कोठें वळावें हें आतां दुसरा ठरवूं लागला.

ही किंमत न देतां स्वस्ताई साधण्याची युक्ति एका शाळामास्तरास सुचली. जर्मनींत १९०१ सालीं बर्लिनजवळ 'वांडरफोगेल', म्हणजे फिरस्ते पक्षी, ह्या नांवाची संघटना स्थापन होऊन शाळकरी मुलें टोळ्यांनीं रानोमाळ हिंडूं लागलीं होतीं. रिशार्ड शिर्मान हा आल्टेना गांवचा शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन २६ ऑगस्ट १९०९ रोजीं अशाच पायीं सहलीवर असतां मोठें वादळ झालें. एका खेड्यांतील शाळेनें त्यांस आसरा दिला. जमिनीवर गवत पसरून मुलें निजलीं. बाहेर विजा कडाडत होत्या, आणि मास्तरच्या मनांत विचार आला कीं सुट्टींत देशांतल्या सगळ्या शाळा रिकाम्याच असतात. एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर एकेक शाळा अशी उघडून दिली तर वाटेल त्या गरिबाच्या मुलास सारा देश पाहतां येईल. नवा पैसा नको कीं नवी इमारत नको. असलेलें दार उघडावयाचें एवढेंच. १९१२ सालीं आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें यूथ हॉस्टेल सुरू झालें, आणि वीस वर्षांत एकट्या जर्मनींत त्यांची संख्या २,००० वर गेली. १९३२ सालीं आम्स्टर्डाम येथें अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

परंतु दार उघडणाऱ्या हाताइतकाच तें बंद करणारा हातहि इतिहासांत सदैव तयार असतो. १९३३ सालीं नाझी सत्तेनें जर्मन यूथ हॉस्टेलें आपल्या युवक-संघटनेच्या ताब्यांत घेतलीं, आणि शिर्मानवर आपल्याच संस्थेंतून बाजूस होण्याची पाळी आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पॅट्रिक ली फर्मर हा १८ वर्षांचा इंग्रज मुलगा हॉलंडच्या किनाऱ्यापासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पायीं जाण्यास निघाला. त्याचा खर्च आठवड्यास एक पौंड. म्यूनिकच्या यूथ हॉस्टेलांत त्याची पिशवी, पासपोर्ट व टिपणवही चोरीस गेली. तरी गोठ्यांतून, मठांतून आणि अनोळखी लोकांच्या घरांतून मुक्काम करीत १ जानेवारी १९३५ रोजीं तो इष्ट स्थळीं पोंचला. त्यानें पाहिलेला मध्य युरोप पांच-सहा वर्षांत युद्धाच्या वणव्यांत सांपडला, आणि पुढें त्याच प्रदेशावर कांटेरी तारा आल्या. पासपोर्टाचा कडक अंमल ही तर पहिल्या महायुद्धाची देणगी. स्टेफान त्स्वाइग ह्या ऑस्ट्रियन लेखकानें लिहून ठेविलें आहे कीं १९१४ पूर्वीं तो हिंदुस्थानांत व अमेरिकेंत गेला तेव्हां त्याच्यापाशीं पासपोर्ट नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर दारें पुनः एकेक उघडूं लागलीं. १९५७ सालीं आर्थर फ्रोमर ह्या अमेरिकनानें दिवसास पांच डॉलरांत युरोप कसा पाहावा ह्याचें पुस्तक छापिलें. १९५९ सालीं परखंडांतील प्रवाशांसाठीं १३ देशांचा 'यूरेल' पास निघाला. १९७२ सालीं २१ वर्षांपर्यंतच्या युरोपीय तरुणांस २१ देशांत एक महिना हिंडण्याची मुभा देणारा 'इंटररेल' पास आला. ब्रिटनमध्यें त्याची किंमत २७ पौंड ५० पेन्स होती. एका वर्षापुरती काढलेली ही योजना इतकी लोकप्रिय झाली कीं ती आजतागायत चालू आहे. १४ जून १९८५ रोजीं लक्झेंबुर्गांतील शेंगेन गांवाजवळ मोझेल नदींत उभ्या असलेल्या बोटीवर पांच राष्ट्रांनीं आपसांतील सरहद्दींवरील तपासणी काढून टाकण्याचा करार केला. २६ मार्च १९९५ पासून तो सात राष्ट्रांत प्रत्यक्ष अंमलांत आला, आणि २०२५ सालीं शेंगेन मुलखांतील देशांची संख्या २९ झाली. ज्यांच्या आजोबांनीं एकमेकांवर तोफा डागल्या, ते तरुण एका डब्यांत बसून एकाच पावाचे तुकडे खातात. आमच्या मतें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपनें जें जें कमाविलें, त्यांत ह्या दृश्याचें मोल फार वरचें आहे.

आतां ह्यांत आमचें स्थान काय? साहस आमच्या लोकांत नाहीं असें नव्हे. १९२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले; इराण, इराक व सीरिया मागें टाकून ते युरोपांत शिरले, आणि त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे १९२८ सालीं प्रदक्षिणा पुरी करून परतले. अडचण साहसाची नाहीं. ती दाराची आहे. शेंगेनच्या आंतील भिंती पडल्या, पण बाहेरची भिंत उंचच राहिली. आमच्या तरुणास व्हिसासाठीं बँकेंतील शिल्लक, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि कोठें कोठें उतरणार त्याचा आगाऊ पुरावा दाखवावा लागतो. आज रात्रीं कोठें निजावयाचें हें चालतां चालतां ठरविणें हाच ज्या प्रवासाचा प्राण, त्याचाच हिशोब येथें निघण्यापूर्वीं द्यावा लागतो. गरिबीनें फिरण्याची परवानगी मिळण्यास आधीं आपण गरीब नाहीं हें सिद्ध करावें, असा हा न्याय आहे.

ह्या ठिकाणीं तोच कोरिअट आम्हांस पुनः आठवतो. १६१२ सालीं तो दुसऱ्यांदा घराबाहेर पडला. कॉन्स्टँटिनोपल व जेरुसलेम पाहून तो अलेप्पोहून निघाला, आणि इराणांतून चालत १६१५ सालीं अजमीर येथें जहांगीर बादशहाच्या छावणींत पोंचला. ह्या दहा महिन्यांत त्याचे तीन पौंड खर्च झाले, आणि त्यांतलेहि दहा शिलिंग लबाडांनीं लुबाडले होते, असें त्यानें घरीं कळविलें. पुढें एके दिवशीं बादशहाच्या झरोक्याखालीं उभें राहून त्यानें फारसींत भाषण केलें, आणि बादशहानें वरून शंभर रुपये टाकले. इंग्रज वकील सर टॉमस रो ह्यास ह्या भिक्षेंत राष्ट्राची अब्रू गेलीसें वाटलें. हिंदुस्थानांत मात्र फकिराच्या वेषानें येणारा पाहुणा कोणास नवा नव्हता. डिसेंबर १६१७ मध्यें सुरतेस त्याचा अंत झाला.

प्रत्येक राष्ट्रास आपल्या दारीं पहारा ठेवण्याचा अधिकार आहे, आणि जहांगीराचा काळ परत आणावा असें कोणी म्हणणार नाहीं. पण दारें प्रथम उघडलीं तीं राज्यांनीं नव्हत. मठांतल्या साधूनें, सुतारांच्या पंचायतीनें आणि एका खेड्याच्या शाळेनें तीं उघडलीं. राज्यें मागाहून शहाणीं झालीं. म्हणून आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें वा मुली पाठीवर पिशवी टाकून निघण्याचा हट्ट धरीत असतील, त्यांनीं कागदपत्रांच्या खटपटीस कंटाळून त्यांस कुकच्या कळपांत ढकलूं नये. परक्याच्या आसऱ्यानें काढलेली एक रात्र मनुष्यास जें शिकविते, तें आम्हांस वर्गांत वर्षभर शिकवूनहि साधत नाहीं. आणि तो धडा घेऊन आलेला तरुण उद्यां आपल्या गांवीं सुट्टींत रिकाम्या पडलेल्या शाळेची किल्ली कोणा वाटसरूच्या हातीं देईल, तर शिर्मानचें ऋण येथेंहि थोडेंफार फिटेल.