पांढरा दाणा, लाल पहारेकरी

आमच्या भवानी पेठेत ज्वारी घेताना जाणते गिऱ्हाईक आधी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहते. दाणा मोत्यासारखा पांढरा हवा. काळपट ठिपका दिसला की भाव उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या याच कसोटीवर बियाणे निवडले गेले. मग ज्वारीचा रंग गेला कुठे, आणि त्याच्याबरोबर आणखी काय गेले?

या प्रश्नाचा धागा मक्यापासून सुरू होतो. अमेरिकेतील आर. ए. इमर्सन यांनी १९१४ मध्ये मक्याच्या पट्टेरी दाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कणसात काही दाण्यांवर लाल पट्टे, तर काही दाणे पूर्ण लाल, असे का होते हे ते शोधत होते. जागा बदलणाऱ्या जनुकांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी लावला, तेव्हा हे कोडे सुटण्याची वाट मिळाली. या शोधासाठी १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. इमर्सन यांच्या मक्यातील ते जनुक, 'पी१', नुसता रंगारी नव्हते. कणसाच्या मिशांमध्ये मेसिन नावाचे द्रव्य असते आणि ते कणीस पोखरणाऱ्या अळीची वाढ खुंटवते. त्याचे प्रमाण ठरवण्यातही 'पी१'चा मोठा हात असल्याचे १९९६ मध्ये दिसून आले.

ज्वारी ही मक्याची जवळची भाऊबंद. पानावर बुरशीचा हल्ला झाला की ज्वारीच्या पेशी नारिंगी-लाल द्रव्य तयार करतात आणि नेमके हल्ल्याच्या जागीच ते ओततात. ही गोष्ट १९९० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली टिपली गेली. 'पी१'चा ज्वारीतील जोडीदार म्हणजे 'वाय१' हे जनुक. सुरिंदर चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, हे जनुक गमावलेल्या झाडांत ती लाल द्रव्ये तयार होत नाहीत आणि करपा बळावतो.

म्हणून पांढरी ज्वारी सरसकट दुबळी म्हणावी का? तसे नाही. दाणा पांढरा असूनही जखम झाल्यावर पान जांभळे पडते, अशी कितीतरी वाणे आहेत. दाण्याचे मात्र वेगळे. खरिपाची ज्वारी पावसात पिकली की बुरशीने काळी पडते. तिथे लाल दाणा अधिक तग धरतो.

आपली मालदांडी आणि तिच्यातून मोहोळला निवडलेले 'एम ३५-१' हे वाण रब्बीचे. काळ्या रानातल्या ओलीवर ते वाढते आणि कोरड्या हवेत पिकते. दाण्याने टाकलेली ढाल इथे हवामानाने धरली. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी असो की आपली कडक भाकरी, दोघींचा पांढरेपणा या कोरड्या माघ-फाल्गुनाच्या भरवशावर उभा आहे.

ऐन काढणीत अवकाळी कोसळला की तो भरवसा एका रात्रीत जातो. तळहातावरचा काळा ठिपका पाहून आपण भाव पाडतो, तेव्हा दाण्याचा रंग आपणच काढून घेतला होता, एवढे तरी आठवावे.